स्टुडिओत ट्रेनर म्हणून रुजू होताय? आधी वर्षाचा हिशेब मांडा

'क्लासमागे चारशे रुपये देतो म्हणतात, जाऊ का?' 'कागद काही दिला नाही, पण माणसं चांगली आहेत.' 'सोडतो म्हटल्यावर मूळ प्रमाणपत्र देत नाहीत, काय करू?' मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी भागातली खेळात, योगात किंवा नृत्यात रमणारी मुलं-मुली आणि त्यांचे पालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. गोंधळ स्वाभाविक आहे. शाळेतली, बँकेतली, हॉटेलातली नोकरी कशी असते हे घरात कोणाला तरी ठाऊक असतं. छोट्या फिटनेस स्टुडिओतली नोकरी मात्र घरातल्या कोणीच केलेली नसते, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच पहिला प्रश्न.

हे काम चांगलं आहे. त्यात मान आहे, माणसं जोडली जातात आणि तुमच्यामुळे कोणाची तरी कंबर, कोणाचा तरी श्वास सुधारतो. म्हणूनच ते डोळे उघडे ठेवून स्वीकारावं.

मोठी जिम आणि छोटा स्टुडिओ यात फरक काय

मोठ्या जिममध्ये मेंबर यंत्रांसाठी येतो. तुम्ही फ्लोअर ड्युटी करता, आठ तास भरले की घरी जाता. बुटीक स्टुडिओत प्रकार एकच किंवा दोन असतात: योग, पिलाटेस, झुंबा, फंक्शनल ट्रेनिंग. बॅच दहा-पंधरा जणांची असते आणि जागा आधी नोंदवावी लागते. इथे मेंबर तुमच्यासाठी येतो. कोणाचा गुडघा दुखतो, कोण बाळंतपणानंतर परत आलं आहे, कोणाला मागच्या रांगेतच उभं राहायला आवडतं हे सगळं तुम्हाला लक्षात ठेवावं लागतं. या कामातला आनंद याच ओळखीत आहे. ओझंही तिथेच आहे, कारण मेंबरने पॅकेज रिन्यू केलं नाही की पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो.

दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असतो. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ हे गर्दीचे तास. मधला वेळ मोकळा दिसतो, पण त्यात ट्रायलला येऊन गेलेल्यांना फोन, व्हॉट्सॲपवरची उत्तरं, उद्याच्या क्लासची गाणी, मॅट पुसणं आणि स्टुडिओसाठी रील बनवणं ही कामं येतात. मुलाखतीत त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. तुम्ही तो काढा.

आपल्या किनाऱ्यावरून तीन वाटा

*पहिली, जिल्ह्यातच.* कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवण या शहरांतले छोटे स्टुडिओ, किंवा तारकर्ली-देवबाग-भोगवे पट्ट्यातल्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांसाठी सकाळचा योग. घरी राहता येतं, भाड्याचा खर्च नाही. पण पगाराचा आकडा लहान असतो आणि अंतर मोठं. सहाच्या बॅचला पोहोचायला पहिली एसटी उपयोगाची नसते, म्हणजे दुचाकी आली.

*दुसरी, तेरेखोल ओलांडून गोवा.* हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या गावांत योगाचं आणि फिटनेसचं काम बरंच आहे. ते साधारण ऑक्टोबर ते एप्रिल चालतं आणि पावसाळ्यात आटतं. इंग्रजीत न अडखळता सूचना देता यायला हव्यात. एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: तुम्ही राहता कुठे यापेक्षा काम कुठे करता यावर कायदा ठरतो. गोव्यात काम करणाऱ्याला महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागत नाही. गोव्याचा स्वतःचा १९७३ चा कायदा आहे आणि तक्रारही गोव्याच्याच कामगार आयुक्तालयाकडे करावी लागते.

*तिसरी, पुणे-मुंबई.* शिकायला सर्वांत जास्त तिथेच मिळतं. मात्र पहिल्या वर्षी मिळालेलं बहुतेक सगळं खोलीभाडं आणि प्रवास खाऊन टाकतात. मुंबईत चाकरमानी नातेवाईकांकडे राहण्याची सोय असेल, तर दोन वर्षं शिकण्यासाठी जावं असं माझं मत आहे. सोय नसेल तर आधी कुडाळ-सावंतवाडीत अनुभव घ्या.

समुद्राची ओढ असलेल्यांसाठी चौथा, मिश्र पर्यायही आहे. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. जलक्रीडा पावसाळ्यात बंद असतात, त्या महिन्यांत स्टुडिओतले क्लास घेता येतात. चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेत तुम्ही उतरला असाल, तर अर्जात ते ठळक लिहा. स्वतः खेळाडू असलेल्या ट्रेनरकडे मालक आणि मेंबर दोघेही वेगळ्या नजरेने पाहतात.

क्लासचा दर म्हणजे पगार नव्हे

सर्वाधिक फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

समजा, मालवणजवळून कुडाळला जायचं आहे. क्लासमागे ४०० रुपये, दिवसाला तीन क्लास, महिन्याला २६ दिवस. एकूण ७८ क्लास, म्हणजे ३१,२०० रुपये. ऐकायला उत्तम.

आता तास मोजा. एका तासाच्या क्लासआधी पाव तास, नंतर पाव तास, असे तीन क्लासचे साडेचार तास. फोन, निरोप आणि साफसफाईचा दीड तास. येण्या-जाण्याचे दोन तास. झाले आठ. दिवसाचे १,२०० रुपये आठ तासांत वाटले तर तासाला १५० रुपये पडतात. सकाळ-संध्याकाळ अशा दोन फेऱ्या असतील तर त्याहूनही कमी.

मग वर्ष मोजा. आपल्याकडे वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. मे महिन्यात लग्नं, आंबा आणि घर भरून पाहुणे. जून-जुलैत कोसळता पाऊस आणि गेलेली वीज. चतुर्थीला तर अख्खं कोकण घरच्या गणपतीत असतं, बॅचला कोण येणार? समजा आठ महिने पूर्ण कमाई आणि चार महिने निम्मी. वर्षाचे ३,१२,००० होतात, म्हणजे महिन्याला सरासरी २६,०००. रोज साठ किलोमीटर दुचाकी चालवली तर त्यातून साडेतीन हजारांच्या आसपास पेट्रोल जातं. उरले साडेबावीस हजार. त्यात आजारपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही.

आता शेजारचा दुसरा स्टुडिओ २०,००० रुपये ठरावीक पगार, भरपगारी रजा आणि पीएफ देत असेल, तर कोणता बरा? माझ्या मते नवख्यासाठी दुसरा. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण होकार देण्याआधी हे गणित कागदावर करा.

पैसे देण्याच्या चार रीती असतात. प्रत्येकीत विचारायचा प्रश्न वेगळा:

- ठरावीक पगार: महिन्याला जास्तीत जास्त किती क्लास? त्यापुढच्या क्लासचे वेगळे पैसे मिळतील का?
- क्लासमागे दर: ऐनवेळी क्लास रद्द झाला तर काय? दोनच मेंबर आले तरी पूर्ण दर मिळेल का? महिन्याला किमान किती क्लासची हमी?
- डोक्यामागे किंवा टक्केवारी: फुकट ट्रायलला आलेले मोजणार का? हजेरीची नोंद तुम्हाला दिसेल का?
- पर्सनल ट्रेनिंगमधला वाटा: तो मेंबरने भरलेल्या पूर्ण रकमेवर की कर वजा जाता? मेंबरने पैसे उशिरा भरले तर तुमचे कधी?

रापणीला हात लावणाऱ्याला आपला वाटा काय हे जाळं ओढण्याआधीच ठाऊक असतं. टक्केवारीवर काम घेताना तुमच्यापाशीही तेवढी स्पष्टता असायला हवी.

कोणतं प्रमाणपत्र घ्यावं

फिटनेस ट्रेनरला डॉक्टर-वकिलांसारखा सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे प्रमाणपत्रांचा बाजार मोठा आहे. पैसे भरण्याआधी एवढं पाहा.

योगासाठी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे. तिच्या पातळ्या ठरलेल्या आहेत आणि सरकारी उपक्रमांत ती उपयोगी पडते. पायाभूत शिक्षणासाठी लोणावळ्याचं कैवल्यधाम (स्थापना १९२४) आणि सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट (१९१८) या जुन्या संस्था आहेत. 'योगा अलायन्स' ही अमेरिकेतली नोंदणी करणारी संस्था आहे, सरकारी परीक्षा नव्हे. गोव्यात परदेशी पाहुण्यांना शिकवायचं असेल तर तिच्याकडे नोंदलेल्या शाळेचा २०० तासांचा कोर्स विचारला जातो. कणकवलीत शिकवायचं असेल तर त्यासाठी मोठं कर्ज काढू नका.

व्यायामाच्या बाजूला कौशल्य विकास योजनेतला फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. तो क्रीडा-फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत चालतो. खर्च कमी, सुरुवातीला पुरेसा. एसीई किंवा एनएएसएम या अमेरिकन संस्थांची प्रमाणपत्रं महागडी आहेत, ती मोठ्या शहरांत पगार वाढवताना कामाला येतात. झुंबा हे नोंदणीकृत नाव आहे. ते वापरून क्लास घ्यायचा तर त्यांचा परवाना घ्यावा आणि चालू ठेवावा लागतो.

यातलं काहीही घ्या, पण प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय बॅचसमोर उभे राहू नका. 'शंभर टक्के नोकरीची हमी' असं लिहिलेल्या कोर्सला पैसे देण्याआधी, मागच्या वर्षी तिथून बाहेर पडलेल्या दोघांशी फोनवर बोला.

कागद मागा, आणि तो वाचा

देशात चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. नेमणूकपत्र सर्व कामगारांना दिलंच पाहिजे, अशी केंद्र सरकारची भूमिका आहे. तेव्हा कागद मागण्यात उद्धटपणा नाही. मालकाने टाळाटाळ केली, तर ठरलेलं सगळं तुम्हीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: 'काल बोलल्याप्रमाणे दर इतका, क्लास इतके, पैसे अमुक तारखेला, बरोबर ना?' त्याला आलेलं 'हो' जपून ठेवा. पुढे वाद झाला तर तेच तुमच्या हाती असेल.

कागदात या गोष्टी शोधा:

- मूळ प्रमाणपत्रं: कधीही देऊ नका. मूळ दाखवा, प्रत द्या.
- 'सोडल्यावर दोन वर्षं तालुक्यात शिकवायचं नाही': नोकरी सुटल्यावर तुमचा धंदाच बंद करणारी अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार टिकत नाही. मात्र नोकरीत असताना शेजारी चोरून बॅच घेणं, किंवा जाताना स्टुडिओची मेंबर-यादी उचलून नेणं वेगळं. ते करू नका.
- बाँड: स्टुडिओने तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल, तर ठरावीक काळ काम करण्याची वाजवी अट न्यायालयात टिकू शकते. 'आधी सोडलं तर लाखभर भरा' असं असेल आणि प्रशिक्षण म्हणजे जुन्या ट्रेनरमागे आठ दिवस उभं राहणं असेल, तर सही करू नका.
- बदली क्लास: तुम्ही आजारी पडलात तर बदली कोणी शोधायची आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे?
- रील आणि छायाचित्रं: तुम्ही गेल्यावरही तुमचा चेहरा जाहिरातीत राहणार का?
- सुट्ट्या: चतुर्थीचे दिवस, गावची जत्रा, आंगणेवाडीची यात्रा आधीच लिहून घ्या. ऐनवेळी मागितलेल्या रजेवरून संबंध बिघडतात.

क्लासमध्ये वाजणाऱ्या गाण्यांच्या परवान्याचा खर्च स्टुडिओचा असतो. तो तुमच्या पैशांतून कापू देऊ नका.

'फ्रीलान्सर' म्हटलं म्हणजे झालं का?

अनेक स्टुडिओ ट्रेनरला 'कन्सल्टंट' लिहितात. पीएफ, रजा, ग्रॅच्युइटी यांची जबाबदारी त्यामुळे टळते. पण तुमची वेळ, गणवेश, रजा, शिकवण्याची पद्धत हे सगळं मालकच ठरवत असेल आणि दुसरीकडे काम करायला बंदी असेल, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, कायदा प्रत्यक्ष परिस्थिती पाहतो. म्हणून हजेरी, क्लासचं वेळापत्रक आणि सूचनांचे निरोप जपून ठेवा.

नोकर असाल तर:

- महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे.
- राज्याच्या किमान वेतनाखाली पगार देता येत नाही. त्यातला महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.
- वीस किंवा अधिक कामगार असतील तर पीएफ लागू होतो. दहा किंवा अधिक असतील आणि तुमचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर राज्य कामगार विमा लागू आहे का हे विचारा. छोट्या स्टुडिओंमध्ये बहुधा दोन्ही नसतात.

खरोखर स्वतंत्र काम करत असाल, तर मिळणाऱ्या मानधनातून १० टक्के कर कापला जाऊ शकतो. तो कापला म्हणजे गेला असं नाही. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पॅन क्रमांक बरोबर दिला आहे ना, तेवढं तपासा. बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आजच घ्या. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. पहाटेच्या अंधारात घाटवळणांवरून दुचाकीने जाणाऱ्याकडे एवढं तरी असावं. ई-श्रम पोर्टलवर नावही नोंदवा.

स्पर्श, संमती आणि मुलींची सुरक्षितता

यावर घरात बोललं जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

आसन दुरुस्त करताना, वजन उचलताना आधार देताना ट्रेनरचा हात मेंबरला लागतो. प्रत्येक वेळी आधी विचारा: 'हात लावून दाखवू का?' नकार आला तर शब्दांनी सांगा किंवा स्वतः करून दाखवा. गर्दीच्या क्लासमध्येही ही सवय सोडू नका. पुरुष ट्रेनरांनी तर हे पहिल्या दिवसापासून पाळावं. मेंबरचा विश्वास आणि तुमचं नाव दोन्ही त्यावर टिकतं.

ट्रेनर मुलींना उलट बाजूनेही त्रास होतो. मेंबरने रात्री पाठवलेले निरोप, कपड्यांवरचे शेरे, मालकाची जवळीक. 'मेंबर नाराज होईल, चालवून घे' हे उत्तर स्वीकारू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ग्राहकाकडून होणारा छळही येतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर स्टुडिओत अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. कामासाठी वेगळा फोन नंबर ठेवता आला तर ठेवाच.

वेळेबद्दलही एक तरतूद माहीत असू द्या. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार सकाळी ७ पूर्वी आणि रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, शिवाय सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था हवी. मोजके कामगार असलेल्या स्टुडिओला हा कायदा पूर्ण लागू होत नाही. तरी सहाच्या बॅचसाठी वाहनाची किंवा पेट्रोलची मागणी करताना तो आधार सांगा.

मेंबरच्या तब्येतीची जबाबदारी

पहिल्या क्लासआधी मेंबरकडून आरोग्याची प्रश्नावली भरून घ्या: हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, जुनी दुखापत, चालू औषधं. छातीत दुखतं किंवा चक्कर येते असं कोणी सांगितलं, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय क्लासमध्ये घेऊ नका, मालक काहीही म्हणो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर लवकर तापतं. एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी थांबणं वाढवा, जोर कमी करा.

प्रोटीन पावडर विकण्याचं टार्गेट मिळालं तर नकार द्या. अन्नपूरकं विकायला अन्नसुरक्षा परवाना लागतो. स्टेरॉईडची गोळी किंवा इंजेक्शन हातावर ठेवणं हा तर गुन्हा आहे. त्यात सापडणारा बहुधा ट्रेनरच असतो.

आणि तुमचं स्वतःचं शरीर? जोरकस व्यायामाचे दिवसाला तीन क्लास पुरे. चौथा घ्यावाच लागला तर तो स्वतः न करता फिरून शिकवा. आवाजासाठी माइक मागा. बसलेल्या घशाने आणि सुजलेल्या गुडघ्याने पुढचा महिना काढता येत नाही.

सोडताना आणि पैसे अडले तर

नोटीस लेखी द्या, तारखेसह. किती क्लास घेतले, किती पैसे बाकी, याची यादी सोबत जोडा. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडणाऱ्या कामगाराचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायला हवं. मिळालं नाही तर याच क्रमाने जा:

1. मालकाला लेखी मागणी, पोच घेऊन.
2. सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात अर्ज. सोबत वेळापत्रक, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲप निरोपांच्या प्रती.
3. स्वतंत्र कंत्राटी असाल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी मार्ग.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, आणि स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. त्यासाठीचा देशभरातला मदत क्रमांक १५१०० आहे.